ध्वनिशास्त्राचे दूरशिक्षण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

ध्वनिशास्त्र ही पदार्थविज्ञानाची जुनी शाखा असली, तरी या शास्त्रावर उपजीविका करणारा व्यावसायिक वर्ग प्रामुख्याने विसाव्या शतकात उदयास आला. सभागृहांचे आराखडे तपासणारा सल्लागार, कारखान्यातील गोंगाट मोजणारा अधिकारी, पाणबुडीचा माग काढणाऱ्या यंत्रणेवर काम करणारा अभियंता आणि ध्वनिमुद्रक हे सर्व या एकाच शास्त्राच्या आधारे काम करतात. मात्र त्यांपैकी फार थोड्यांनी ध्वनिशास्त्राची पदवी घेऊन व्यवसायात प्रवेश केलेला असतो. बरेच जण वास्तुशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी, पदार्थविज्ञान किंवा संगीत शिकून येतात आणि ध्वनिशास्त्राचा अभ्यास नोकरी लागल्यानंतर करतात. अशा नवोदितांसाठी ब्रिटन, अमेरिका आणि भारत या देशांत दूरशिक्षणाची व्यवस्था कशी घडत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. सिद्धान्त दुरून शिकवता येतो, याविषयी आज फारसे दुमत नाही. ध्वनी ऐकण्याचे आणि मोजण्याचे शिक्षण दुरून कसे द्यावे, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

विषयाचे स्वरूप व अभ्यासकाची अडचण :

आधुनिक वास्तुध्वनिशास्त्राचा आरंभ १८९५ मध्ये झाला असे मानले जाते. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कला संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून अस्पष्ट होत. हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे सोपविण्यात आले. सॅबाइन यांनी रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून ध्वनी विरून जाण्यास लागणारा वेळ मोजला. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील गाद्या आणून त्यांची संख्या कमीअधिक करीत त्यांनी हीच मोजणी पुनःपुन्हा केली. सभागृहाचे आकारमान, त्यातील ध्वनिशोषण आणि निनादकाल यांतील संबंध त्यातून निश्चित झाला. १९०० मध्ये खुल्या झालेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलच्या रचनेत या ज्ञानाचा उपयोग करण्यात आला. या शास्त्राचा पाया केवळ गणिताने घातला गेला नाही. त्यामागे कान, घड्याळ आणि चिकाटी यांचाही तेवढाच वाटा होता, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

भारतात चंद्रशेखर वेंकट रामन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९०७ मध्ये ते कलकत्ता येथे सरकारच्या वित्त खात्यात रुजू झाले. नोकरीनिमित्त त्यांच्या रंगून व नागपूर येथेही बदल्या झाल्या. ध्वनिशास्त्राचे नियमित शिक्षण देणारा गुरू त्यांना लाभला नव्हता. हेल्महोल्ट्झ आणि लॉर्ड रॅले यांचे ग्रंथ हेच त्यांचे शिक्षक होते. एका अर्थाने रामन हे ध्वनिशास्त्राचे दूरस्थ विद्यार्थीच होते. परंतु कचेरीपूर्वी आणि कचेरीनंतरच्या वेळात ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेची प्रयोगशाळा त्यांना खुली नसती, तर व्हायोलिनवर्गीय वाद्यांच्या तारांवरील आणि मृदंग-तबल्याच्या स्वरांवरील त्यांचे संशोधन सिद्धीस जाणे कठीण होते. ग्रंथ दुरून आले, तरी प्रयोगशाळा जवळ असावी लागली. नोकरदार अभ्यासकाची हीच अडचण पुढील काळात संस्थात्मक पातळीवर सोडवावी लागली.

ब्रिटनमधील प्रयत्न :

दूरशिक्षणाची परंपरा ब्रिटनमध्ये जुनी आहे. आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये टपालाद्वारे लघुलिपीचे धडे देण्यास प्रारंभ केला, तर लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी परीक्षांची दारे उघडली. मात्र लघुलिपी कागदावर शिकता येते व कागदावरच तपासता येते. ध्वनिशास्त्राच्या बाबतीत ही सोय नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाहतूक, विमानसेवा आणि यंत्रोद्योग यांच्या वाढीबरोबर गोंगाट हा सार्वजनिक प्रश्न बनला. १९६० मध्ये गोंगाट प्रतिबंधक कायदा झाला आणि १९६३ मध्ये या प्रश्नावरील विल्सन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९७४ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या प्रदूषण नियंत्रण कायद्याने बांधकामाच्या गोंगाटासह अनेक बाबींत स्थानिक स्वराज्य संस्थांना अधिकार दिले. कामाच्या ठिकाणचे आरोग्य व सुरक्षितता यांविषयीचा कायदाही त्याच वर्षी संमत झाला. ध्वनिशास्त्रज्ञांची व्यावसायिक संस्था असलेली ‘इन्स्टिट्यूट ऑफ अकॉस्टिक्स’ हीदेखील १९७४ मध्येच स्थापन झाली. कायद्याने अधिकार दिले, परंतु ते वापरणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यांना ध्वनिमापनाचे शिक्षण मिळालेले असेलच, अशी खात्री नव्हती. नोकरी सोडून पूर्णवेळ विद्यापीठात जाणे त्यांपैकी बहुतेकांना शक्य नव्हते.

या संस्थेने स्वतःची पदविका सुरू केली. ध्वनिशास्त्राची सामान्य तत्त्वे, निवडलेले विशेष विषय, प्रयोगशाळेतील काम आणि प्रकल्प असे तिचे स्वरूप राहिले. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांत प्रत्यक्ष शिकण्याबरोबरच मार्गदर्शकाच्या साहाय्याने दूरशिक्षणाचा पर्यायही पुढे उपलब्ध झाला. या पर्यायात पाठ्यसामग्री घरी वाचावयाची असली, तरी मार्गदर्शन वर्ग आणि प्रात्यक्षिके यांसाठी ठरलेल्या केंद्रांवर उपस्थित राहावे लागते.

मुक्त विद्यापीठाने याच अडचणीवर निराळा उपाय योजला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७१ मध्ये अध्यापनास प्रारंभ केलेल्या या विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या घरी प्रयोगसाहित्याची पेटी पाठविण्याची पद्धत रूढ केली. ‘द मॅन-मेड वर्ल्ड’ या १९७२ पासूनच्या तंत्रज्ञानाच्या पायाभूत अभ्यासक्रमात अशा साहित्यामध्ये ध्वनिपातळी मोजण्याचे एक साधे उपकरण होते. विद्यार्थी प्रयोगशाळेत जाऊ शकत नसेल, तर त्याचे घर आणि त्याची गल्ली हीच प्रयोगशाळा मानावी, हा विचार त्यामागे होता.

अमेरिकेतील प्रयत्न :

अमेरिकेत या शिक्षणाला नौदलाच्या गरजेने चालना दिली. १९४१ मध्ये हार्वर्ड येथे फ्रेडरिक हंट यांच्या नेतृत्वाखाली पाण्याखालील ध्वनीची प्रयोगशाळा स्थापन झाली. युद्ध संपताच तेथील पाणतीरविषयक काम १९४५ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाकडे, म्हणजेच तत्कालीन महाविद्यालयाकडे आले. या पार्श्वभूमीवर १९६५ मध्ये तेथे ध्वनिशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर कार्यक्रम सुरू झाला. १९८७ पासून या कार्यक्रमाचे पाठ विद्यापीठाबाहेरील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविले जाऊ लागले. प्रारंभीच्या विद्यार्थ्यांत नौदलाच्या प्रयोगशाळांतील कर्मचाऱ्यांचा समावेश होता. उपग्रह, चित्रफिती आणि नंतर इंटरनेट अशी माध्यमे बदलत गेली. ३० श्रेयांकांची अभियांत्रिकी पारंगत पदवी अशा रीतीने नोकरी करीत मिळविणे शक्य झाले.

येथे प्रात्यक्षिकाचा प्रश्न वेगळ्या रीतीने हलका झाला. नौदलाच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याजवळ उपकरणे, चाचणीची साधने आणि अनुभवी सहकारी कामाच्या ठिकाणीच होते. त्याला उणीव होती ती सुसंगत सिद्धान्ताची, आणि दूरशिक्षणाने नेमकी तीच भरून काढली. लहानशा वास्तुसंस्थेत नुकत्याच लागलेल्या तरुणाला मात्र असा आधार नसतो. त्यामुळे ही व्यवस्था जशीच्या तशी सर्वत्र लागू पडेल, असे म्हणता येत नाही.

भारतातील स्थिती :

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ध्वनिशास्त्रज्ञांची ‘अकॉस्टिकल सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९७१ पासून कार्यरत आहे. तथापि ध्वनिशास्त्रातील प्रशिक्षित मनुष्यबळाची निकड सर्वसामान्यांना जाणवली ती ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू झाल्यावर. या नियमांनी निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा घातली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ध्वनिप्रदूषणाविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. परिणामी पोलीस अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कर्मचारी आणि खाजगी सल्लागार यांच्या हाती ध्वनिमापक आला.

हा मापक वापरणे दिसते तितके सोपे नाही. नियमांतील आकडा क्षणिक नसून मानवी कानाच्या संवेदनक्षमतेशी जुळविलेल्या मापनाची ठराविक काळातील सरासरी असतो. ७० डेसिबलचे दोन असंबद्ध ध्वनी एकत्र आल्यास पातळी १४० होत नाही, सुमारे ७३ होते. मोकळ्या जागेत लहान ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाल्यास ती सुमारे ६ डेसिबलने उतरते. एवढे पुस्तकातून शिकता येते. परंतु भिंतीजवळ उभे राहिल्यास परावर्तित ध्वनीमुळे आकडा किती फुगतो, वाऱ्याचा मायक्रोफोनवर काय परिणाम होतो, परिसरातील मूळ गोंगाट वेगळा कसा काढावा, मोजणीपूर्वी व नंतर उपकरणाचा आकडा ज्ञात पातळीच्या ध्वनीशी कसा पडताळावा, हे हाताळल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. यांतील एकही पायरी चुकली, तर रुग्णालयाशेजारच्या रहिवाशाची खरी तक्रार निष्फळ ठरू शकते किंवा एखाद्या मंडळावर विनाकारण कारवाई होऊ शकते.

२००३ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था व भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने सुरू झालेल्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमाने ध्वनिशास्त्रावरील व्याख्याने विनामूल्य उपलब्ध करून दिली. २०१४ पासून त्यात प्रमाणपत्र परीक्षांची भर पडली आणि २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. लहान गावातील नवोदिताला उत्तम अध्यापकांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येऊ लागली, ही मोठीच प्रगती होय. मात्र ध्वनिमुद्रित व्याख्यान आणि लेखी परीक्षा यांतून मापनाचे कौशल्य पारखता येत नाही. रामन यांना जे पुस्तकांतून मिळाले, ते आज सर्वांना सहज मिळते. त्यांना जे प्रयोगशाळेत मिळाले, ते आजही सर्वांच्या वाट्याला येत नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, ध्वनिशास्त्र अनेक विद्याशाखांत विखुरलेले असल्याने आणि त्याचा विद्यार्थी बहुधा नोकरदार असल्याने दूरशिक्षण ही या विषयाची दुय्यम सोय नाही. ते त्याच्या स्वरूपाशी जुळणारे माध्यम आहे. दुसरी, अशा शिक्षणाचे यश प्रसारमाध्यमाच्या आधुनिकतेपेक्षा प्रात्यक्षिकाची व्यवस्था कशी केली, यावर अधिक अवलंबून राहते. घरी पाठविलेले उपकरण, ठरलेले केंद्र आणि कामाच्या ठिकाणची प्रयोगशाळा ही या प्रश्नाला इतिहासाने दिलेली तीन उत्तरे आहेत. तिसरी बाब महाराष्ट्रातील महाविद्यालयांशी निगडित आहे. पदार्थविज्ञान विभागांना नादकाटे, अनुनाद नळी आणि सोनोमीटर ही साधने परिचयाची आहेत. महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रांद्वारे मुक्त शिक्षण देण्याची पद्धतही राज्यात रुजलेली आहे. या दोहोंना एका प्रमाणित ध्वनिमापकाची आणि तो वापरू जाणणाऱ्या अध्यापकाची जोड मिळाल्यास राष्ट्रीय व्यासपीठावरील व्याख्यानांना स्थानिक प्रात्यक्षिकाची पूर्तता करून देता येईल. त्यासाठी नवी इमारत किंवा नवा विभाग लागणार नाही. सुटीच्या दिवशी बंद असणारी प्रयोगशाळा बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी उघडण्याची तयारी तेवढी लागेल.