मृतांच्या महिन्यातील फुले

पाऊस पाठ फिरवतो, भाताची कापणी उरकत येते आणि आपल्या अंगणातील फुलांची पाळी बदलते. तेरडा आणि गुलबक्षी यांनी पावसाळाभर गाजवलेली जागा रिकामी होते. मोगरा तर केव्हाच विसावलेला असतो. वर्षाचा बहर आता संपला असे वाटू लागावे, नेमक्या त्याच वेळी कुंपणालगतचा झेंडू पिवळ्या-केशरी रंगाने भरून येतो आणि त्याच्या पाठोपाठ शेवंतीच्या कळ्या डोळे उघडू लागतात. ख्रिस्तसभेच्या पंचांगातही याच सुमारास मृतांच्या स्मरणाचा महिना उजाडतो. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. आपण दफनभूमीत जातो, थडग्यावरचे गवत उपटतो, माती सारखी करतो, मेणबत्ती लावतो आणि घरून ओंजळभर आणलेली फुले वाहतो.

त्या ओंजळीत झेंडू असला, की आमच्या आजीच्या कपाळाला आठी पडत असे. "झेंडू दसऱ्याचा. आपल्या माणसांना निशिगंध न्यावा, गुलाब न्यावा," असे ती म्हणे. आजीचा शब्द मोडण्याची आमची प्राज्ञा नव्हती. पण ज्या झेंडूला आम्हीच बावखलातले पाणी घालून वाढवले, तो आमच्याच माणसांना का चालू नये, हा प्रश्न मनात राहिला तो राहिलाच. पुढे इतिहासाची पाने चाळताना या साध्या फुलाने आम्हांला कुठच्या कुठे नेले. तो प्रवास वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दसऱ्याच्या तोरणात आणि देवळाच्या गाभाऱ्यात आज झेंडूचे स्थान इतके पक्के आहे, की हे फूल परदेशी असेल असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. परंतु झेंडूची जन्मभूमी आहे मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा मध्य अमेरिकेचा प्रदेश. तेथील नाहुआ लोकांच्या भाषेत त्याला 'सेम्पोआल्शोचित्ल' म्हणतात. 'सेम्पोआल्ली' म्हणजे वीस आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. असंख्य पाकळ्यांचे, 'विसांचे' फूल. याच लोकांच्या भाषेत काव्याला शब्द होता 'फूल आणि गाणे'. फुलांवर एवढी माया करणारा समाज इतिहासात विरळाच.

१५२१ साली स्पॅनिश सेनापती एर्नान कोर्तेस याने नाहुआंची राजधानी जिंकली. १५२४ साली फ्रान्सिस्कन संघाचे बारा धर्मगुरू तेथे पोहोचले आणि १५२९ साली फादर बेर्नार्दिनो दे साहागुन यांनी त्या भूमीवर पाऊल ठेवले. पुढची साठ वर्षे ते तेथेच राहिले. नाहुआ भाषा शिकले, गावोगावच्या वृद्धांना बोलते केले आणि आपल्या नाहुआ विद्यार्थ्यांच्या हातून त्या समाजाचा समग्र इतिहास लिहवून घेतला. देव, सण, औषधे, पशुपक्षी, वनस्पती अशा बारा भागांचा तो ग्रंथ इटलीतील फ्लोरेन्सच्या ग्रंथालयात असल्यामुळे 'फ्लोरेन्स हस्तलिखित' म्हणून ओळखला जातो. १५७७ साली स्पेनच्या राजाने साहागुन यांचे कागद जप्त करण्याचा हुकूम काढला. मूर्तिपूजकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या तर त्या जिवंत राहतील, ही भीती त्यामागे होती.

या ग्रंथात नाहुआंच्या नवव्या महिन्याचे वर्णन आहे. त्याचे नाव 'फुले वाहण्याचा महिना'. सणाच्या दोन दिवस आधी सारे लोक रानात आणि मक्याच्या शेतांत फुले शोधायला जात, रात्र सरता सरता त्यांच्या माळा ओवत आणि त्या देवाला घालत. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की याच महिन्याचे दुसरे नाव होते 'मृतांचा लहान सण'. हा काळ साधारणतः ऑगस्टमध्ये येई. डॉमिनिकन संघाचे फादर दिएगो दुरान हे तेथील दुसरे साक्षेपी लेखक. त्यांनी १५७० नंतरच्या दशकात लिहून ठेवले आहे, की सर्व संतांच्या सणादिवशी एका गावात लोक आपल्या मृत बालकांसाठी अर्पणे आणताना दिसले आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे मृत भाविकांच्या स्मरणदिनी, प्रौढ मृतांसाठी. जुना सण नव्या तारखांवर तर येऊन बसला नाही ना, अशी शंका फादर दुरान यांना आली. ती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही.

मृतांच्या स्मरणाचा आपला दिवस युरोपातून आला, हेही येथे सांगितले पाहिजे. इ. स. १००० च्या आसपास फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख संत ओडिलो यांनी आपल्या मठांतून २ नोव्हेंबर हा दिवस मृतांच्या प्रार्थनेसाठी ठरवून दिला आणि हळूहळू तो साऱ्या पाश्चिमात्य ख्रिस्तसभेत रूढ झाला. पहिल्या महायुद्धात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असताना, १९१५ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. क्लूनीची तारीख आणि नाहुआंचे फूल यांची गाठ मेक्सिकोत पडली. आजही तेथील कॅथलिक कुटुंबे मृतांच्या दिवशी घरात लहानशी वेदी मांडतात, तिच्यावर गेलेल्या माणसांच्या तसबिरी ठेवतात आणि दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगाने आणि वासाने आत्म्यांना आपले घर सापडते, अशी त्यांची भोळी श्रद्धा. २००८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत या सणाची नोंद केली.

मेक्सिकोच्या श्रद्धेत आणखी एका उशिरा फुललेल्या फुलाला स्थान आहे. डिसेंबर १५३१ मध्ये तेपेयाक टेकडीवर हुआन दिएगो या नाहुआ भाविकाला पवित्र मरियेने दर्शन दिले. बिशपांनी खूण मागितली. थंडीने गारठलेल्या त्या उजाड माथ्यावर फुले उमलण्याचा तो काळ नव्हता. तरीही हुआन दिएगोला तेथे कॅस्टिलचे गुलाब मिळाले, असे ती परंपरा सांगते. ते त्याने आपल्या अंगरख्यात भरून नेले. नाहुआ भाषेतील तो वृत्तान्त १६४९ साली छापला गेला आणि २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुआन दिएगोला संतपद दिले. गंमत अशी, की खुद्द साहागुन यांना तेपेयाकच्या भक्तीविषयी संशय होता. लोक मरियेच्या नावाने आपल्या जुन्या देवीकडेच जातात, असे त्यांना वाटे. ज्या भाविकांविषयी विद्वान धर्मगुरूंना शंका होती, त्यांच्यातलाच एकजण आज वेदीवरचा संत आहे.

झेंडू मेक्सिकोबाहेर पडला तो स्पॅनिश जहाजांतून. १५४२ साली जर्मन वैद्य लेओनार्ड फुक्स यांनी आपल्या वनस्पतिग्रंथात लहान झेंडूचे चित्र छापले, तोवर तो युरोपच्या बागांत स्थिरावला होता. त्याची नावे मात्र विपरीत पडली. मोठ्या झेंडूला इंग्रजीत 'आफ्रिकन' म्हणतात आणि लहानाला 'फ्रेंच'. खुद्द फ्रेंच लोक मोठ्या झेंडूला 'इंडियाचा गुलाब' म्हणतात. त्या काळी अमेरिकेलाही 'इंडीज' म्हणत, त्याचा हा परिणाम. इंग्रजीतील 'मॅरीगोल्ड' म्हणजे 'मरियेचे सोने' हे नाव मुळात युरोपातील दुसऱ्याच एका पिवळ्या फुलाचे. परदेशातून आलेल्या पाहुण्याला ते आपसूक मिळाले. देवळातून बहिष्कृत करू पाहिलेल्या या फुलाच्या नावातच मरियेचे नाव आहे, हे आमच्या आजीला ठाऊक असते तर!

भारतात झेंडू नेमका कोणत्या साली आला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पेरू, काजू, अननस, पपई, मिरची या अमेरिकन मंडळींना पोर्तुगीजांनी आणले आणि त्याच दर्यावर्दी वाहतुकीत झेंडूही आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यामुळे आपल्या अंगणाचे आणि मेक्सिकोचे नाते केवळ कल्पनेचे नाही.

परंतु त्याच पोर्तुगीज राजवटीने अंगणातील झाडांवर पहाराही बसवला, हे विसरून चालणार नाही. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले. ते कायमचे बंद होण्यास १८१२ साल उजाडावे लागले. या न्यायालयाने १७३६ साली काढलेल्या फर्मानात नवख्रिस्ती कुटुंबांच्या कितीतरी चालीरीतींवर बंदी घातली. लग्नप्रसंगी फुले, विड्याची पाने, सुपारी पाठवण्याची चाल निषिद्ध ठरली. घरात, परसात तुळस ठेवण्यास मनाई झाली. अंगणातील रोपट्यावरून माणसाची श्रद्धा मोजण्याचा तो काळ. "हे त्यांचे फूल, हे आपले फूल" ही वाटणी आपल्या मनात कोठून आली असेल, याचा अंदाज यावरून येतो. फर्माने गेली, न्यायालय गेले. कपाळावरची आठी मात्र पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. आमच्या आजीने ते फर्मान वाचले नव्हते. तिने ते फक्त जपले होते.

आता तिच्या आवडीच्या फुलांचे पाहू. निशिगंध हे तिच्या मते अगदी 'आपले' फूल. परंतु निशिगंधही मेक्सिकोचाच! नाहुआ भाषेत त्याचे नाव 'हाडाचे फूल', त्याच्या पांढऱ्याशुभ्र वर्णावरून पडलेले. आपल्या कित्येक दफनभूमींत उभा असलेला देवचाफा, पावसाळ्यात कुंपणे सजवणारी गुलबक्षी, नाताळात लाल पानांनी पेटणारे पॉइनसेटिया, ही सारी अमेरिका खंडातलीच. म्हणजे आजीचा निशिगंध आणि आमचा झेंडू हे एकाच गावचे दोन भाऊ. एकाला देव्हाऱ्यात बोलावून दुसऱ्याला दारात उभे करण्यात काय अर्थ होता?

शेवंतीची कुळकथा वेगळी. ती चीनची. तेथे नवव्या चांद्रमासाच्या नवमीला शेवंतीचा सण असतो. जपानच्या राजघराण्याचे चिन्ह सोळा पाकळ्यांची शेवंती आहे. १७८९ साली मार्सेयच्या ब्लांकार नावाच्या व्यापाऱ्याने चीनमधून शेवंती फ्रान्सला नेली. नोव्हेंबरात इतर फुले संपलेली असताना ती टवटवीत असते, म्हणून फ्रेंच कॅथलिकांनी ती आपल्या थडग्यांसाठी निवडली. इतकी, की फ्रान्स व इटलीत पाहुणा म्हणून जाताना शेवंतीचा गुच्छ नेणे आजही अशुभ समजतात.

ही फुले उशिरा का फुलतात, याचा उलगडा १९२० साली झाला. अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांना तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसतीच उंच वाढताना दिसली. त्यांनी तिला रोज काही तास अंधारात ठेवून दिवस लहान केला, तशी ती फुलावर आली. वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात, हे त्यातून सिद्ध झाले. खरे मोजमाप रात्रीच्या अखंड अंधाराचे असते, हे पुढे कळले. आपल्याकडे जूनमध्ये सुमारे सव्वातेरा तासांचा असलेला दिवस डिसेंबरात अकरा तासांवर येतो. हा वाढता अंधार शेवंतीला आणि पॉइनसेटियाला फुलण्याचा निरोप देतो. झेंडूलाही लहान दिवस मानवतात. शेवंतीच्या कुंडीवर रात्रभर विजेचा दिवा जळत राहिला तर ती कळी धरत नाही, हा अनुभव पुष्कळांना असेल. काही फुलांना फुलण्यासाठी अंधारच लागतो. मृतांच्या महिन्यात याहून अधिक बोलकी शिकवण निसर्गाने आणखी कोणती द्यावी?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले, की श्रद्धेला बाध न येणाऱ्या बाबतींत ख्रिस्तसभा सर्वत्र एकच साचा लादू इच्छित नाही. निरनिराळ्या लोकसमूहांच्या गुणांचा आणि देणग्यांचा ती आदर करते. फर्मानापासून या वाक्यापर्यंत यायला सव्वादोनशे वर्षे लागली. आपल्या वेदीवर आता समई तेवते, झेंडूच्या माळा दिसतात, याचे आम्हांला समाधान आहे.

मात्र दुसरीच एक चिंता मन पोखरते. झेंडू देवळात आला आणि अंगण हातचे निघाले. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, बावखले बुजली, आणि दफनभूमीच्या दाराशी प्लास्टिकची फुले विकत मिळू लागली. ती कोमेजत नाहीत, हाच त्यांचा गुण सांगितला जातो. आम्हांला तो दोष वाटतो. कोमेजणारे फूल दर वर्षी नव्याने लावावे लागते. त्यासाठी जूनमध्ये बी पेरावे लागते, पाणी घालावे लागते आणि तेवढे महिने गेलेल्या माणसाची आठवण हाताशी राहते. गॅलरीतल्या दोन कुंड्यांतही झेंडू उत्तम होतो. सुकलेल्या फुलाचे बी पुढच्या वर्षाला पुरते.

आजीला जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेल्या २ नोव्हेंबरला तिच्या थडग्यावर आम्ही आधी तिच्या इच्छेप्रमाणे निशिगंध ठेवला. मग त्याच्या शेजारी घरच्या कुंडीतला झेंडू ठेवला. दोघेही इतक्या दुरून आले होते. तेथे तरी त्यांना वेगळे का ठेवावे?