ग्रीक पुराणकथांतील अक्राळविक्राळ जीव आणि मानवी गर्व

प्राचीन ग्रीक पुराणकथांत अर्धे माणूस व अर्धे पशू असलेले, तसेच अनेक प्राण्यांचे अवयव एकत्र आलेले अक्राळविक्राळ जीव विपुल आढळतात. त्या सर्वांचा माणसाच्या गर्वाशी संबंध नाही. हेसिअडच्या थिऑगनी (सु. इ. स. पू. ७००) या काव्यातील टायफॉन, एकिड्ना, हायड्रा, सर्बेरस हे आदिम दैवी कुळांत जन्मलेले असून त्यांच्या उत्पत्तीत माणसाचा हात नाही. कथांचा दुसरा गट मात्र निराळा आहे. त्यात एखादा राजा, राणी किंवा वीर आधी बढाई मारतो आणि तिच्यापाठोपाठ संकट येते. किंवा संकटावर मात केल्यानंतर वीराच्या अंगी ताठा चढतो. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या गटाचा विचार केला आहे.

रूपाचा गर्व : इथिओपियाचा राजा सीफियस याची राणी कॅसिओपिया हिने नेरीइड या समुद्रकन्यांपेक्षा आपण सुंदर असल्याचे जाहीर केले, असे अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या कथासंग्रहात म्हटले आहे. लॅटिन कथाकार हायजायनस याच्या पाठात ही बढाई मुलीच्या रूपाबद्दल आहे. रागावलेल्या समुद्रकन्यांच्या बाजूने सागरदेव पोसायडनने पूर आणि एक प्रचंड सागरी जीव पाठवला. अम्मॉनच्या देववाणीनुसार राजकन्या अँड्रोमेडाला त्याचे भक्ष्य म्हणून खडकाला बांधण्यात आले. वीर पर्सियसने त्या जीवाला मारून तिला सोडवले. या कथेतील पात्रे प्राचीन ज्योतिर्विद टॉलेमीने नोंदवलेल्या ४८ तारकासमूहांत आहेत. कॅसिओपिया ध्रुवाभोवती फिरताना काही काळ उलटी दिसते, ती तिच्या गर्वाची शिक्षा होय, असे प्राचीन लेखक सांगतात. मराठीत या तारकासमूहांना शर्मिष्ठा, वृषपर्वा, देवयानी, ययाती आणि तिमिंगल ही नावे आहेत. महाभारतातील शर्मिष्ठाही पित्याच्या राजपदाच्या तोऱ्यात देवयानीचा अपमान करते आणि पुढे तिची दासी होते.

मेड्यूसाच्या कथेत हा दोष तितका स्पष्ट नाही. हेसिअडच्या काव्यात ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एकटीच मर्त्य असून तिच्या गर्वाचा उल्लेखही नाही. अपोलोडोरसच्या संग्रहात, तिने सौंदर्यात अथीना देवीशी बरोबरी करू पाहिली, असे एक मत नोंदवले आहे. रोमन कवी ऑव्हिड याच्या मेटामॉर्फसीस या काव्यात मात्र सागरदेव देवीच्या मंदिरात तिच्यावर अत्याचार करतो आणि शिक्षा तिलाच होते : तिचे सुंदर केस सर्प होतात. त्यामुळे मेड्यूसाला गर्विष्ठ स्त्रीचे उदाहरण म्हणून सरसकट दाखवणे मूळ कथांना धरून नाही. आधुनिक स्त्रीवादी लेखनात तिच्याकडे अन्यायग्रस्त म्हणून पाहिले गेले. फ्रेंच लेखिका एलेन सिक्सू हिचा १९७५ मधील मेड्यूसाच्या हास्यावरील निबंध या संदर्भात प्रसिद्ध आहे.

सत्तेचा गर्व : क्रीटच्या गादीवर हक्क सांगताना मायनॉसने, राज्य आपल्याला देवांनी दिले असून आपण मागू ते देव देतात, अशी फुशारकी मारली. पुरावा म्हणून त्याने पोसायडनकडे बैल मागितला आणि तो बळी देण्याचा नवस केला. समुद्रातून आलेला बैल इतका देखणा होता, की मायनॉसने तो स्वतःच्या कळपात ठेवून दुसराच बळी दिला. देवाच्या कोपाने राणी पासिफेई त्या बैलावर आसक्त झाली व तिच्या पोटी बैलाच्या तोंडाचा मिनोटॉर जन्मला. डेडलस या कारागिराने बांधलेल्या चक्रव्यूहात त्याला कोंडण्यात आले आणि अथेन्सहून त्याच्यासाठी ७ तरुण व ७ तरुणी पाठवल्या जाऊ लागल्या. अखेर अथेन्सच्या थीसियस या वीराने त्याला ठार केले.

ट्रॉयचा राजा लाओमेडॉन याची मग्रुरी पारखण्यासाठी अपोलो व पोसायडन माणसांच्या रूपात आले व मजुरीवर त्यांनी नगराचा तट बांधला. राजाने मजुरी बुडवली. तेव्हा साथ आली आणि समुद्रातून एक विक्राळ जीव आला. त्याच्यापुढे बांधलेल्या राजकन्या हेसिओनीला हेराक्लीझने वाचवले. राजाने त्यालाही कबूल केलेले घोडे दिले नाहीत. पुढे हेराक्लीझने ट्रॉय जिंकून त्याला मारले.

विजयाचा गर्व : सिंह, शेळी व सर्प यांचे मिश्रण असलेली कायमेरा बेलेरोफॉनने मारली. नंतर तो पंखधारी पेगासस घोड्यावरून देवांच्या निवासाकडे निघाला आणि घोड्याने त्याला खाली फेकले, असे ग्रीक कवी पिंडरने म्हटले आहे. ओडिसीच्या ९ व्या सर्गात ओडिसियस आपले नाव ‘कोणी नाही’ असे सांगून एकाक्ष पॉलिफीमसच्या गुहेतून निसटतो. पण नाव लपवलेला पराक्रम त्याला सोसवत नाही. जहाजावरून तो आपले नाव, पिता आणि गाव ओरडून सांगतो. पॉलिफीमस त्याच नावाने शाप देतो. ओडिसियस घरी पोहोचतो, पण उशिरा आणि सगळे सोबती गमावून. स्फिंक्स या विक्राळ जीवाचे कोडे सोडवणारा ईडिपसही सॉफोक्लीझच्या नाटकात टायरेसियस या द्रष्ट्याला त्या यशावरून हिणवतो. स्वतःच्या जन्माचे कोडे मात्र त्याला तोपर्यंत सुटलेले नसते.

अन्वयार्थ : या कथांत गर्वाची किंमत बहुतेकदा गर्व करणारा पहिल्यांदा मोजत नाही. कॅसिओपियाच्या बढाईपायी तिची मुलगी खडकाला बांधली जाते, मायनॉसच्या लोभापायी अथेन्सची मुले मरतात, ओडिसियसच्या हौसेपायी त्याचे सोबती बुडतात. बेलेरोफॉनसारखा स्वतःच पडणारा विरळा. दुसरे असे, की विक्राळ जीव मारल्याने गर्व मरत नाही. पुष्कळदा तो तिथूनच वाढतो.

प्लेटोच्या फीड्रस या संवादात गॉर्गन, कायमेरा यांचा उलगडा करण्यास आपल्याला सवड नाही, असे सॉक्रेटीस सांगतो. आपण स्वतः टायफॉनपेक्षाही गुंतागुंतीचे व फुगलेले जनावर आहोत की साधा, सौम्य जीव, हे त्याला आधी जाणायचे आहे. ग्रीक परंपरेतील विक्राळ जीवांच्या कथांचे हेच सर्वांत नेमके वाचन ठरते.