दिशा ओळखणारे कान

बेळगावच्या खडेबाजारात काठी टेकीत चाललेल्या अंध माणसाला रिक्षा कोणत्या बाजूने आली हे कानच सांगतात. जवळच्या कानाला आवाज किंचित आधी पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तरी मेंदू त्यावरून दिशा ताडतो.

१८८१ साली पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने ध्वनिग्राहक मांडले. दूरच्या दालनात दोन्ही कानांना टेलिफोनचा एकेक रिसीव्हर लावलेल्या श्रोत्यांना गायक या बाजूकडून त्या बाजूला सरकल्याचे केवळ ऐकूनच कळले!

मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अंधांसाठी 'साउंडस्केप' काढले, त्याचे मर्म हेच. मोबाइल खिशात ठेवावा. दुकान डावीकडे असेल तर त्याचे नाव डावीकडूनच ऐकू येई. मात्र कान बुजविणारा हेडफोन येथे घातक, कारण मग रिक्षाच ऐकू येत नाही. म्हणून कान मोकळे ठेवून हाडांतून नाद पोहोचविणारी किंवा चष्म्याच्या दांडीत बसविलेली साधने हवीत. बोस कंपनीने २०१९ साली असा चष्मा विक्रीस आणला.

२०२३ साली मायक्रोसॉफ्टने साउंडस्केप बंद केले. जाताना त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, एवढे बरे झाले. इतरांनी ती घेऊन काम पुढे चालविले.