राखाडी-हिरव्या दोन छटांतील निवड

छत्तीसगडमध्ये दुर्ग शहराच्या पश्चिमेस, हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर रसमडा हे स्थानक आणि त्याच नावाचे औद्योगिक क्षेत्र आहे. लोखंड-पोलाद उद्योगांच्या या पट्ट्यात भिंतींवर बसणारी काळसर धूळ पांढऱ्या रंगावर चटकन उठून दिसते. त्यामुळे घराच्या आतील भिंतींसाठी राखाडी झाक असलेला हिरवा रंग सोयीचा ठरतो. अडचण येते ती अशा दोन जवळच्या छटांतून एक निवडताना. यंत्रावर मिसळून दिलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाहीत. निवड चुकली की साऱ्या डब्यांचा खर्च वाया जातो.

भारतीय मानक ब्यूरोच्या 'आयएस ५' या मानकात 'सेज ग्रीन' आणि 'एअरक्राफ्ट ग्रे ग्रीन' या छटांची नोंद स्वतंत्रपणे केलेली आहे. बोलताना दोन्हींना 'शेवाळी' म्हणून मोकळे होता येते. भिंत मात्र तशी सवलत देत नाही.

राखाडी-हिरव्या छटांमध्ये काहींत पिवळेपणा अधिक असतो, तर काहींत निळेपणा. पिवळ्या दिव्याचे रंगतापमान सुमारे २७०० केल्विन, तर पांढऱ्या ट्यूबलाइटचे बहुधा ६५०० केल्विन असते. पिवळ्या उजेडात पिवळसर छटा मेंदीच्या रंगाकडे झुकते आणि निळसर छटा नुसती राखाडी भासते. एका उजेडात तंतोतंत जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. या गुणधर्मास 'मेटामेरिझम' असे म्हणतात. दुकानातील दिव्याखाली केलेली निवड घरी फसते ती यामुळेच.

जुना रंगही दिशाभूल करतो. गुलाबी भिंतीवर ओढलेला राखाडी पट्टा हिरवट दिसतो. यास्तव दोन्ही छटांचे नमुने मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर, कडेला पांढरी जागा सोडून, दोन हात देऊन तयार करावेत. इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होते. तेव्हा परीक्षा वाळल्यानंतरच करावी, आणि तीही सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर, प्रत्येक भिंतीशी पुठ्ठा उभा धरून.

तरीही निर्णय होत नसेल, तर कंपनीने दिलेले प्रकाश परावर्तन मूल्य पाहावे. ते ० ते १०० या मापात असते. लहान खिडकीच्या खोलीत अधिक मूल्याची छटा घेणे इष्ट. धूळ लपावी म्हणून फार गडद छटा घेतल्यास दिवसाही दिवा लावावा लागतो. छटा ठरल्यावर लागणारे सर्व डबे एकाच वेळी, एकाच बॅच क्रमांकाचे घ्यावेत.