हस्तलिखितातील एक पान

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'शाळेतील लेखन शिबिरांचा इतिहास' हा विषय माझ्याकडे सोपवला. आपल्या वेळचे हस्तलिखित मी लिहून काढले होते, हे कुणाच्या तरी लक्षात असावे. माझे अक्षर बरे होते, पात्रता तेवढीच. त्या हस्तलिखिताबद्दल एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती या लेखात येईल.

आपण नववीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत चित्रकलेच्या हॉलमध्ये तीन दिवसांचे शिबिर भरत असे. मराठीचे सर विषय देत नसत, हीच पहिली पंचाईत. आपल्याला 'नदीचे आत्मवृत्त' आणि 'पावसाळ्यातील एक दिवस' यांची सवय. सर म्हणायचे, काल घरी काय झालं ते लिहा. मग एकेकाने उभे राहून वाचायचे. वाचून झाले की त्यांचा प्रश्न ठरलेला असे : "हे तू पाहिलंस की वाचलंस?" माझे बहुतेक वाचलेलेच असायचे.

ही पद्धत सरांनी कुठून आणली, हे मला फार उशिरा कळले. सर नागसेनवनात शिकलेले. आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाची राजवट. उच्च शिक्षण घ्यायचे तर हैदराबादेला जायचे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचे. खेड्यातल्या गरीब मुलाचा तर प्रश्नच नव्हता. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले. पुढे तेच 'मिलिंद' म्हणून ओळखले जाऊ लागले. घरात पहिल्यांदाच पाटी आलेली मुले तिथे शिकू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे तिकडच्या कृष्णवर्णीय लेखकांविषयी बोलत. आपलेही जगणे लिहिण्याजोगे आहे, असे मुलांना वाटू लागले ते अशा वातावरणात.

पण लिहिलेले छापणार कोण? मुंबई-पुण्याच्या मासिकांकडे पाठवायचे आणि परतीच्या पाकिटाची वाट पाहायची. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ मध्ये 'अस्मिता' हे त्रैमासिक काढले, पुढच्याच वर्षी त्याचे नाव 'अस्मितादर्श' झाले. मला त्या अंकांइतकेच महत्त्वाचे वाटतात ते 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे. लेखक आणि वाचक हे शब्द तिथे एका जोडशब्दात आले, यातच पुष्कळ आले. आज ऐकायला आलेला उद्या लिहू लागे. कार्यशाळा हा शब्द आता गावोगावी झाला आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, कार्यशाळाही होतात. त्या काळी आपल्या भागातल्या नव्या लेखकाची कार्यशाळा म्हणजे हे मेळावे आणि संपादकाचे पत्र. सर त्या त्रैमासिकाचे वर्गणीदार होते. आपल्या चित्रकलेच्या हॉलपर्यंत ते सगळे त्यांच्यामार्फत पोहोचले होते.

आता ती गोष्ट. मागच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राने शिबिरात एक पान वाचले. त्याने विनंती केल्यामुळे नाव लिहीत नाही, बॅचच्या मंडळींना ते कळेलच. संध्याकाळी माय कामावरून येते, भाकरी थापते, कोरड्यासाला घरात काहीच नाही, आणि धाकटी बहीण 'कामून?' म्हणून विचारत राहते. एवढेच होते. 'कामून' आला तेव्हा आम्ही पुढच्या बाकांवरचे हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. म्हणाले, "हे हस्तलिखितात पहिलं घ्यायचं."

मी ते पहिले घेतले. पण उतरवताना 'माय'ची 'आई' केली, 'कामून'चे 'का' केले आणि 'कोरड्यासाला काही नव्हतं' याचे 'भाजी नव्हती' केले. मला ती मदत वाटली होती. नामांतराच्या वादाचे दिवस होते, वर्गात काही गोष्टी कुणी बोलत नसे, आणि शुद्ध मराठी कुणाची हे आमच्यासारख्यांनी गृहीतच धरले होते. भाजी नसली तरी चटणी असते, कांदा असतो. भाकरीबरोबर खायला जे काही असेल ते कोरड्यास, आणि त्या घरात तेही नव्हते. माझ्या एका 'भाजी'ने त्याची भूकच कमी झाली.

प्रकाशनाच्या दिवशी त्याने ते पान पाहिले, मिटले आणि वही परत टेबलावर ठेवली. पुढच्या वर्षी तो शिबिराला आला नाही. सरांनी मला रागावले नाही. 'अस्मितादर्श'चा एक अंक हातात देऊन "घरी ने, वाच," म्हणाले. मी तो आठ दिवसांनी न वाचताच परत केला.

या लेखासाठी गेल्या महिन्यात शाळेत गेलो. ग्रंथालयाच्या कपाटात हस्तलिखित अजून आहे, कडा कसरीने खाल्ल्या आहेत. शिबिरांचा लेखी पुरावा म्हणून शाळेत तेवढेच उरले आहे, आणि त्याच्या पहिल्या पानावर त्याच्या नावाखाली माझी भाषा आहे. त्याला फोन केला. सगळे सांगितले. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "अक्षर मात्र लई भारी होतं तुझं." मूळ कागद घर बदलताना गेला होता. मी आग्रह केल्यावर त्याने ते पान आठवेल तसे फोनवर सांगितले आणि मी लिहून घेतले. लिहून झाल्यावर त्याला पुन्हा वाचून दाखवले. दोन ठिकाणी त्याने मला थांबवले, ते दुरुस्त केले.

ते पान या लेखाच्या पुढेच छापले आहे. मुद्रितशोधन करणाऱ्या आपल्या वर्गभगिनीला सांगून ठेवले आहे की त्यातल्या 'कामून'ला आणि 'कोरड्यासा'ला हात लावू नये.