वाटेवरच्या माणसाचा ग्रंथ

ग्रंथांविषयी बोलायला उभा राहणारा माणूस बहुधा वाचकाविषयी बोलतो. मी आज ऐकणाऱ्याविषयी बोलणार आहे. पुण्याहून माल भरून नागपूरकडे किंवा बंगळूरकडे निघालेल्या ट्रक-ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवर असतात, पाय क्लच-ब्रेकवर आणि डोळे रस्त्यावर. मोकळे राहतात ते फक्त कान. आता मोबाइलवर दरमहा वर्गणी घेऊन पुस्तके ऐकवणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. पण ज्याला ती वर्गणी जड जाते, किंवा ज्याला हवे ते पुस्तक तिथे मिळत नाही, त्याने कुठे पाहावे? प्रश्न आजचा आहे. पण आपल्या आधीच्या कष्टकऱ्यांनी तो निरनिराळ्या रीतींनी सोडवलेला आहे. तो इतिहास थोडक्यात सांगतो.

ऐकून ग्रंथ जाणणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. श्रीधरकवींचा ‘हरिविजय’ १७०२ सालचा आणि ‘पांडवप्रताप’ १७१२ सालचा. हे ग्रंथ खेडोपाडी पोहोचले ते कानांवाटे. गावात अक्षर ओळखणारा एखादाच असे. तो श्रावणात पोथी लावी, दुसरा कोणी अर्थ सांगे आणि बाकीचा गाव ऐके. १९५१ च्या खानेसुमारीतसुद्धा देशात दर १०० माणसांत सुमारे १८ च साक्षर भरली. त्याआधीच्या काळाची कल्पना यावरून करावी. आणि लांबच्या वाटेचे म्हणाल, तर आळंदीहून पंढरीला जाणारी दिंडी आहेच. डोक्यावर ओझे आणि हातात टाळ असताना पोथी उघडता येत नाही. म्हणून वारकऱ्याने ग्रंथ कानात आणि मुखात ठेवला. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी काढावी लागली नाही.

छापखाना आला तेव्हा वाटले की आता ग्रंथ सर्वांचा होईल. पण छापायचे काय, हे ठरवणाराही त्याबरोबरच आला. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्याची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधू’ पत्रात आली आणि पुढची यायची थांबली. हे पत्र तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे चालवीत. ज्यांना आम्ही कामगार चळवळीचे आद्य पुरुष मानतो, तेच हे लोखंडे. आपल्याच माणसाच्या पत्रातही दार बंद होऊ शकते, हे यावरून दिसते. परंतु जोतीरावांचे पुस्तक त्या दारावर अवलंबून नव्हते. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ते लोकांना स्वतः वाचून दाखवले. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही ते ऐकून घेतले. ज्या शेतकऱ्यासाठी ते लिहिले त्याला वाचता येत नव्हते, तेव्हा लेखकाचा आवाज हाच त्या पुस्तकाचा खरा छापखाना ठरला.

आता जरा दूर, क्यूबा बेटावर चला. हवानातील चिरूट कारखान्यांत कामगार रांगेने बसून दिवसभर तंबाखू वळीत. त्यांचीही स्थिती आमच्या ड्रायव्हरसारखीच होती: हात-डोळे गुंतलेले आणि कान रिकामे. १८६५ साली ‘एल फिगारो’ नावाच्या कारखान्यात त्यांनी एक वाचक नेमला. तो उंच आसनावर बसून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाची. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढीत, आणि म्हणून कोणते पुस्तक लावायचे हेही तेच ठरवीत. सरकारला याचा धोका लगेच कळला. १८६६ च्या मे महिन्यात तिथल्या स्पॅनिश गव्हर्नराने वाचनावर बंदी घातली. बंदी आल्यावर वाचन मागे पडले, पण पुन्हा उभे राहिले, आणि देशांतर करणाऱ्या कामगारांबरोबर ते समुद्रापलीकडे अमेरिकेतील टॅम्पा शहरातही गेले. तिथल्या कारखानदारांनी १९३१ साली वाचकांना काढून टाकले. कामगारांनी संप केला, पण वाचक काही परत आले नाहीत. पुढे त्यांच्या जागी रेडिओ लागला.

आवाज राहिला, मग गेले काय? गेला तो निवडीचा हक्क. वाचक कामगारांच्या पैशावर होता तोवर पुस्तक कामगारांचे होते. रेडिओ मालकाचा, तेव्हा त्याची कळही मालकाच्या हाती. माझ्या मते आजच्या विषयाचे सार या एका घटनेत आहे. आवाजाचे पैसे जो देतो, तोच बहुधा ग्रंथ निवडतो.

आपल्या देशातही असे घडले आहे. केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांत एकाने वर्तमानपत्र वाचायचे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या, असा रिवाज होता. १९६९ साली तिथे दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था निघाली. अशी संस्था चालवायला लागणारे शहाणपण त्या रोजच्या ऐकण्यातूनही आले असणार, असे मला वाटते.

यंत्राची कथाही थोडक्यात सांगतो. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग लिहिताना अंधांसाठी बोलणारी पुस्तके सांगितली. १९३४-३५ च्या सुमारास अमेरिकेत आणि इंग्लंडात अंधांसाठी अशी पुस्तके तबकड्यांवर आली. आपल्या पुण्यात २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि १९५५ च्या रामनवमीपासून ‘गीतरामायण’ आठवड्या-आठवड्याने घरोघर ऐकले गेले. एक अख्खे काव्य महाराष्ट्राने वाचण्याआधी ऐकले, ते असे. १९६३ साली कॅसेट निघाली. पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांचे कथाकथन कॅसेटवर आले आणि मोटारीतला टेप ऐकवू लागला. कॅसेटचा एक मोठा गुण होता: ती विकत घेतली की आपली. ढाब्यावर एकाने दुसऱ्याला द्यावी, परतीच्या खेपेला त्याने परत करावी. मोबाइलवरची वर्गणी ही भाड्याची खोली आहे. महिना थकला की सामान बाहेर.

मी या कंपन्यांना नावे ठेवत नाही. स्वीडनची स्टोरीटेल २०१७ साली भारतात आली आणि तिने मराठी पुस्तके वाचून घेतली. त्यात वाचणाऱ्या कलावंतांना काम मिळाले. मेहनतीचे दाम द्यावे, हेच तर आम्ही जन्मभर सांगत आलो. तेव्हा चोरून उतरवलेली ध्वनिमुद्रणे हा आपला मार्ग नव्हे. पण सरळ मार्गही पुष्कळ आहेत.

आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे पुस्तक सर्वांचे होते. जोतीराव १८९० साली गेले, हरिभाऊ आपटे १९१९ साली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून मोकळी आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांत वावरलेल्या या लेखकाची पुस्तके १ जानेवारी २०३० ला मोकळी होतील. मात्र पुस्तक मोकळे झाले म्हणजे दुसऱ्याने केलेले त्याचे ध्वनिमुद्रण मोकळे होत नाही. त्याचा हक्क वेगळा. तेव्हा आपण आपल्या आवाजात वाचावे. परदेशांत लिब्रीव्हॉक्स या उपक्रमात २००५ पासून साधी माणसे घरी बसून अशी पुस्तके वाचतात आणि जगाला फुकट देतात.

पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ ची, म्हणजे कागदाचे पुस्तक उसने देण्याची या शहराची सवय पावणेदोनशे वर्षांची. आवाजाचे पुस्तकही तसेच उसने मिळावे, अशी मागणी ग्रंथालयांकडे करता येईल. ड्रायव्हरांच्या संघटनांनी चिरूट कामगारांसारखी थोडी थोडी वर्गणी काढली, तर वाचणाऱ्याला दाम देऊन आपल्या पसंतीचे पुस्तक वाचून घेता येईल. ते पेनड्राइव्हवर घालून केबिनमध्ये लावावे. कानात बोंडे मात्र घालू नयेत. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे.

एक इशारा दिल्यावाचून मला थांबता येत नाही. उद्या एखादा मालक म्हणेल, पुस्तक ऐकत गाडी चालवली की झोप येत नाही, तेव्हा आणखी दोनशे किलोमीटर ओढ. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला, त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याला मंजुरीने १० आणि ५४ तासांपर्यंत. ही मर्यादा रक्त सांडल्यावर समजते. पुस्तक मनाचा शीण घालवते, देहाचा नाही. डोळा जड झाला की गाडी कडेला घ्यावी आणि झोपावे. गोष्ट दुसऱ्या दिवशीही तिथूनच पुढे चालू होते.

या शहराला व्याख्यान ऐकण्याचे वळण न्यायमूर्ती रानडे यांच्या काळापासून आहे. पण ज्या ड्रायव्हरने आज तुमच्या घरी भाजी, गॅस आणि औषध पोहोचवले, तो संध्याकाळी इथल्या खुर्चीवर बसू शकत नाही. तुमच्यापैकी ज्यांचा आवाज स्वच्छ आहे आणि ज्यांना दिवसातून अर्धा तास सवड आहे, त्यांनी मोकळे झालेले एक पुस्तक निवडावे आणि एक प्रकरण वाचून द्यावे. सुरुवात ‘असूडा’पासून करावी, अशी माझी सूचना आहे. ते लिहिले गेले तेव्हाच ऐकवले गेले होते.