यात्रा रद्द झाली त्या वर्षी

बुलढाणा जिल्ह्यात कोरोना आला तो आधी रद्द झालेल्या यात्रेच्या रूपाने. २०२० साली होळी ९ मार्चला होती. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास भरणारी यात्रा प्रशासनाने त्याआधीच रद्द केली. देशभर टाळेबंदी लागायला अजून दोन आठवडे होते. महिना संपता संपता विदर्भातला कोरोनाचा पहिला मृत्यूही बुलढाण्यातच नोंदला गेला.

सैलानीला कोण जातं, हे वऱ्हाड-मराठवाड्यात सांगावं लागत नाही. ज्याला ‘बाहेरचं’ झालं असं घरचे म्हणतात, ज्याला झोप नाही, जी स्वतःशीच बोलते, जो अंगावर धावून येतो, अशांना तिथे आणतात. हिंदू, मुसलमान सगळेच. होळीत नारळ पडतात, रोग्याच्या अंगावरून उतरवलेले कपडे पडतात. एरवीही रोग्याला घेऊन कुटुंबं तिथे महिनोन्‌महिने खोली करून राहतात.

त्या जागेबद्दल लिहिताना भोळं होऊन चालणार नाही. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी केली आहे. त्याआधी २०१३मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. हे कायदे हवेच होते. पण भक्त आणि टीकाकार दोघेही रोग्याबरोबर आलेल्या माणसाकडे पाहत नाहीत, असं मला वाटतं. गावात ज्या बाईला नवऱ्याचं वेड पदराखाली झाकावं लागतं, तिला तिथे शेजारच्या खोलीत तसाच नवरा सांभाळणारी दुसरी बाई भेटते. चुलीपाशी बसून दोघी मोकळेपणाने बोलतात. हा उपचार नव्हे, पण आधार नक्कीच आहे.

सरकारी पर्यायही पाहू. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. बुलढाण्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब. एसटी बंद पडली ती जिल्ह्याबाहेर जायला २० ऑगस्ट २०२०लाच पुन्हा सुरू झाली. म्हणजे जवळपास पाच महिने ना दवा ना दुआ. राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी.

साथीत माणसं घाबरतात, हे काही नवीन नाही. मात्र आपल्याकडे भीतीला तोंड देण्याच्या जुन्या रीती बहुतेक सगळ्या घोळक्याने करायच्या होत्या. पटकी आली की मरीआईचा गाडा निघायचा. सगळं गाव वाजतगाजत शिवेपर्यंत जायचं आणि रोगराई पलीकडे सोडून यायचं. (पलीकडचं गाव काय करणार? तेही पुढच्या शिवेकडे ढकलायचं.) प्लेगात गाव ओस पडायचं, पण रानातल्या झोपड्या एकमेकींना लागून असायच्या. या सगळ्याने जंतू मेले असतील असं नाही. रानात जाण्याने मात्र उंदरांपासून सुटका व्हायची.

मग १९१८ची मानमोडी आली. इन्फ्लुएन्झाला दिलेलं हे नाव इतकं नेमकं, की निदानच वाटावं. मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक मृत्युदर नोंदवलेल्या प्रांतांपैकी एक. सप्टेंबर-ऑक्टोबरात साथीने कळस गाठला, आणि त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता. खरिपाच्या दिवसांत घरातली धडधाकट, कमावती माणसंच जास्त गेली. देशभरात किमान सव्वा कोट माणसं मेली असावीत असा अंदाज आहे. एवढं होऊन आठवण कुठे उरली? पटकी आणि मरी शिव्याशापांत टिकल्या. मानमोडी तिथेही फारशी टिकली नाही. प्रेतामागे जायलाच माणूस नव्हता, तिथे आठवण काढायला कोण उरणार?

२०२०मध्ये नेमकं हेच नियमाने घडलं. अंत्यविधीला वीसच माणसं. कोरोनाने मेलेल्याचं तोंडही अनेकांना दिसलं नाही. तेरवी घरातल्या घरात. संसर्ग रोखायला ते गरजेचंच होतं. पण वऱ्हाडात तेरवीच्या पंगतीलाच नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, ‘आता पेरणीचं कसं?’ तो प्रश्न विचारायला त्या वर्षी कोणी आलं नाही.

आणि हा जिल्हा आधीच दुखावलेला. २००६च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत बुलढाणा होता. त्यातून पुढे २०१५मध्ये आरोग्य खात्याचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. १०४ क्रमांकावर समुपदेशन, आणि दारोदार जाऊन झोप लागते का, जगावंसं वाटतं का, असं विचारणाऱ्या आशाताई. त्याच आशाताईंच्या हाती सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तापमापक आणि ऑक्सिमीटर आले. ताप मोजायचा, ऑक्सिजन मोजायचा, पुढच्या दाराशी जायचं.

इंग्रज सरकारच्या शिरगणतीत आंधळे, मुकबधिर आणि कुष्ठरोगी यांच्याबरोबर वेड्यांचाही रकाना असे. १९२१च्या शिरगणतीत, मानमोडीनंतर तीन वर्षांनी, तो भरला गेला. मोजणी कच्ची होती, वेडाची व्याख्या त्याहून कच्ची, पण वऱ्हाडातल्या वेड्यांचा आकडा कागदावर आहे. २०२१ची जनगणना साथीमुळे पुढे ढकलली गेली आणि त्या वर्षी झालीच नाही. सैलानीची यात्राही त्या वर्षी पुन्हा रद्द झाली.